अकरा जणींचं पान

बाई पान उलटं धरून बघायच्या. मुलांनी प्रिंट आणून दिली की ती खालची बाजू वर करून हातभर लांब धरायच्या, डोळे बारीक करायच्या आणि म्हणायच्या, "उजवीकडे कलंडतंय." मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला वाटलं, बाईंच्या लक्षात आलेलं नाही. मी हळूच म्हटलं, "बाई, पान उलटं आहे."

"ठाऊक आहे. सुलटं धरलं की मी वाचायला लागते. वाचायचं काम तुमचं."

मी कर्जतच्या एका कॉलेजात संख्याशास्त्र शिकवतो आणि खोपोलीला राहतो. आमच्याकडे मुलांचं एक संगीत मंडळ आहे. ते बत्तीस पानांचा एक अंक काढतं. अंक वर्षातून एकदाच निघतो, तरी मुलं त्याला मासिक म्हणतात. मी सुरुवातीला दुरुस्ती करायचो, नंतर सोडून दिलं. या मासिकाची जबाबदारी माझ्याकडे आली, कारण आधीच्या अंकात अनुक्रमणिकेतले पानांचे आकडे चुकले होते, आणि आकडे चुकले की प्राचार्यांना माझी आठवण होते. गाण्याशी माझा तसा काही संबंध नाही.

बाईंचा तर अजिबातच नव्हता. गावातल्या एका शाळेत चित्रकला शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या, नदीच्या बाजूला एकट्या राहायच्या. कोणीही बोलावलेलं नसताना एक दिवस त्या आमच्या स्टाफरूममध्ये आल्या. हातात मासिकाचा जुना अंक होता.

"हे कोणी मांडलंय?"

"मुलांनी," मी म्हटलं.

"मुलांना घरी कोणी जेवायला घालत नाही का? हावरटासारखं पान भरून टाकलंय."

दुसऱ्या दिवशी त्या स्टीलचं ताट घेऊन आल्या आणि संगणकाच्या खोलीत टेबलावर ठेवून त्यांनी मुलांना विचारलं, "मीठ कुठे वाढतात?" मुलं एकमेकांकडे बघायला लागली. एकीने सांगितलं, वर, मधोमध. "बरोबर. तो मथळा. चिमूटभरच असतो, पण त्याची जागा ठरलेली. लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे. भाजी उजवीकडे. भात समोर. भात म्हणजे तुमचा फोटो. आमटीला वाटी लागते, म्हणजे चौकट. आणि ताट दिसलं पाहिजे. भरलेलं ताट वेगळं, वाढलेलं ताट वेगळं." मुलांच्या डोक्यात पानाची मांडणी त्या दिवशी शिरली ती कायमची. माझ्याही शिरली. घरी जेवताना मी ताटाकडे जरा जास्त वेळ बघत बसलो, तर बायको म्हणाली, "जेवायचंय की छापायचंय?"

संगणकाला मात्र बाईंनी कधी हात लावला नाही. त्या मुलांच्या मागे खुर्ची टाकून बसायच्या आणि विणायच्या सुईने पडद्यावर दाखवायच्या. "डावीकडे. अजून. आता केसभर मागे ये." जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या पाठीवर पेन्सिलीने आधी सगळी पानं काढायच्या. उजेडात धरलं की आमच्या पानांतून मागच्या तारखा दिसायच्या.

रस्त्याने चालतानाही त्यांची मांडणी चालूच असायची. स्टेशनाजवळच्या वड्याच्या गाडीपुढे उभं राहून एकदा त्यांनी मालकाला सांगितलं, "तुमच्या पाटीवरून चहा पडतोय." तो बिचारा पाटी पुसायला फडकं घेऊन आला. बाईंचं म्हणणं होतं की 'चहा' हा शब्द पाटीच्या अगदी काठावर आहे, तो वर घ्या. पुढच्या आठवड्यात त्याने पाटी रंगवून घेतली आणि चहा वर घेतला. खप वाढला का, हे मी त्याला विचारलं होतं. तो म्हणाला, "सर, खप तेवढाच हाय. पन बाय आता वडा घेतात."

गाण्याबद्दल मुलांनी छेडलं की त्या म्हणायच्या, "भूप आणि भेंडी यातलं मला एकच कळतं, आणि तेही विळीवर घेतल्यावर." मुलांना वाटायचं बाई गंमत करतात. तसं नव्हतं. मंडळाच्या मैफलीत त्या पहिल्या रांगेत बसायच्या आणि गायकापेक्षा मागचा पडदा किती सरळ टांगलाय याकडे त्यांचं लक्ष असायचं.

मला त्यांच्याबद्दल खरं कुतूहल वाटायला लागलं ते वेगळ्या कारणाने. हाताने लिहिलेला लेख समोर आला की बाई कागद न मोजता सांगायच्या, "दोन पानं आणि वर चार ओळी." मुलं टाइप करायची, आणि दोन पानं आणि वर चार ओळीच व्हायच्या. कधी पाच. माझा असल्या गोष्टींवर विश्वास बसत नाही. मी एक वही केली. डाव्या रकान्यात बाईंचा अंदाज, उजव्या रकान्यात प्रत्यक्ष ओळी. दोन अंकांतले सगळे लेख नोंदवले. सहा ओळींपेक्षा जास्त त्या एकदाही चुकल्या नाहीत. मग मी जरा लबाडी केली. मुद्दाम लांबलचक शब्द घालून एक उतारा स्वतः लिहिला, एका विद्यार्थ्याकडून त्याच्या अक्षरात उतरवून घेतला आणि इतर लेखांत सरकवला. बाईंनी तो लांब धरला, जवळ आणला, पुन्हा लांब धरला.

"हा तुम्ही लिहिलाय, सर."

"कशावरून?"

"कुठेही श्वास घेतलेला नाही. अर्धं पान भरेल. टाकू नका अंकात."

अर्धंच पान भरलं. "बाई, तुम्ही मोजता तरी कसं?" मी विचारलं.

"मी मोजत नाही. बसवते."

याचा अर्थ मला तेव्हा कळला नाही. वाक्य तेवढं वहीत लिहून ठेवलं.

त्यांची आणखी एक सवय होती. मुलांना ती सगळ्यात जास्त छळायची. लेख मांडायला घेण्याआधी त्या लिहिणाऱ्याला विचारायच्या, "हे कोण वाचणार?" मुलं म्हणायची, विद्यार्थी, रसिक, सगळे. "सगळे म्हणजे कोणी नाही. एकाचं नाव सांग." नाव मिळेपर्यंत त्या पेन्सिल उचलायच्या नाहीत. एका मुलाने चिडून आपल्या आत्याचं नाव सांगितलं. आत्याचं वय काय, चष्मा आहे का, मासिक कुठे बसून वाचेल, हे सगळं बाईंनी विचारलं, आणि अक्षर एक घर मोठं केलं.

आमच्याकडे प्रज्ञा नावाची दुसऱ्या वर्षाची एक मुलगी होती. कोंडाण्याच्या लेण्यांच्या वाटेवरच्या एका गावातली. तिने त्या वर्षी अंकाचा मुख्य लेख लिहिला होता, चार पानांचा. तिच्या आजीची बायकांची गायन पार्टी होती. एप्रिलमधल्या जयंतीला, बारशाला, लग्नाला या बायका आजूबाजूच्या गावांत जाऊन गायच्या. ढोलकी बाईच वाजवायची. पंधरा-वीस वर्षं पार्टी चालली आणि मग एकेक करून थांबली. लेख चांगला होता. माझ्यासारख्यानेही एका दमात वाचला.

बाईंनी नेहमीचा प्रश्न विचारला. प्रज्ञा म्हणाली, "माझी आजी वाचणार."

"वाचता येतं?"

"नाही."

बाईंचा चेहरा खुलला. "उत्तम. म्हणजे पान नीट करायला हवं."

आता माझी चूक सांगतो. चार पानांत, फोटो धरून, चौदाशे शब्द बसत होते. लेख होता सोळाशे साठचा. दोनशे साठ शब्द काढायचे, हे काम माझं. मी लेख दोनदा वाचला आणि एक परिच्छेद काढला. पार्टीत कोण कोण होत्या आणि कोण काय करायची, एवढंच त्यात होतं. एकूण अकरा जणी. मला ती यादी वाटली. यादी काढली तर गोष्टीला धक्का लागत नाही, असा माझा हिशेब. बाकी थोडं इकडून तिकडून काढलं आणि बरोबर चौदाशे केले. मनातून मी खूशही होतो.

दुसऱ्या दिवशी संगणकाच्या खोलीत गेलो तर प्रज्ञा बाईंच्या शेजारी उभी होती. माझ्याकडे न बघता ती बाईंना म्हणाली, "बाई, सरांनी अकरा बाया कापल्या."

बाईंनी हातातलं पान सुलटं केलं. त्यांना लेख वाचताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. मग म्हणाल्या, "काढलेलं दाखवा."

मी परिच्छेद दाखवला. त्यांनी तो मोठ्याने वाचला. "प्रकाशची आई ढोलकी वाजवायची. थोरली काकी सुरुवात करायची. बबनची आई, खालच्या आळीची मावशी, साजगाववाली..." त्या थांबल्या. "प्रज्ञा, ही नावं आहेत?"

"गावात असंच म्हणतात, बाई."

"ही नावं नाहीत. पत्ते आहेत." मग माझ्याकडे वळून, "सर, तुम्ही एका अर्थी बरोबर केलंत. हे काढण्यासारखंच आहे. याच्या जागी नावं हवीत."

"जागा नाही, बाई," मी म्हटलं. "चौदाशेच्या वर एक शब्द जात नाही."

"जागा मी करते. नावं आणा."

प्रज्ञा त्या संध्याकाळी घरी गेली आणि दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, दहा नावं घेऊन आली. सुभद्रा, हौसा, यमुना, शेवंता अशी. अकरावं मिळालं नव्हतं. साजगाववाली लग्न होऊन साजगावहून आली होती, म्हणून साजगाववाली. लवकर विधवा झाली, मूलबाळ नाही, त्यामुळे कोणाची आई म्हणूनही तिला कोणी ओळखलं नाही. ती जाऊनही वीसेक वर्षं झाली होती.

"आणि आजीने सांगितलंय," प्रज्ञा म्हणाली, "समद्या जणींची नावं येत असतील तर माझा फोटो छापा. एक जरी ऱ्हायली तर काय छापू नका. माझं पन नाय." तिने नावांच्या कागदाची घडी केली. "आजी एकदा बोलली की बोलली, सर. मी लेख मागे घेते."

अंक शनिवारी संध्याकाळी छपाईला जायचा होता. सोमवारी प्रकाशन, पाहुणे ठरलेले. चार पानं रिकामी जाणार होती, आणि मुलीचं वर्षभराचं काम.

मी माझ्या परीने शोध घेतला. साजगावला एक ओळखीचे आहेत, त्यांना फोन केला. त्या बाईंच्या माहेरची आळी होती तिथे आता एका कारखान्याची भिंत आहे, माणसं कुठे कुठे गेली. जुन्या मतदार यादीचा विचार केला, ती एका दिवसात मिळणार नव्हती. रेशनकार्ड दिराच्या नावावर, आणि दीरही गेलेला. मी बाईंना हे सगळं क्रमाने सांगितलं आणि विचारलं, "समजा मिळालंच, तर कोणतं नाव घालायचं? माहेरचं की सासरचं? लग्नात नाव बदलतात."

बाई म्हणाल्या, "ज्या नावाने हाक मारली तर ती वळून बघेल ते."

शनिवारी सकाळी आम्ही रिक्षा करून गावात गेलो. प्रज्ञाने सगळ्यांना विहारासमोरच्या ओट्यावर बोलावून ठेवलं होतं. अकरा जणींपैकी सहा हयात होत्या, सहाही आल्या होत्या, पांढऱ्या साड्या नेसून. प्रज्ञाची आजी उंच, काटक, आणि बोलायला सडेतोड.

"बाय, नाव आटवत नाय," तिने आल्या आल्या सांगितलं. "रातभर डोकं खाजवलं. आमी तिला गं साजगाववाले असंच म्हनत आलो. तुमी उगाच आलात."

मला वाटलं आता बाई प्रश्न विचारणार. त्यांनी नावाचा विषयच काढला नाही. पिशवीतून खडू काढला. "फोटो काढायचाय. तुम्ही गायला बसायचात कशा?"

"कशा म्हंजे? बसायचो आपल्या."

"कोण कुठे?"

आणि भांडण सुरू झालं.

"मी फुडं, ढोलकी घेऊन."

"फुडं कुठं गं? तुला मागं बसवायची. तुझा आवाज फुटका."

"माझा आवाज फुटका, तर माइक कोन मागायचं माझ्याकडं?"

"माइकवाला मागायचा, परत!"

सगळ्या हसायला लागल्या. बाई मात्र वाकून, त्यांचं ऐकत, ओट्यावर खडूने चौकोन काढत होत्या. पुढे पाच, मागे सहा. खोडत होत्या, पुन्हा काढत होत्या. कॅलेंडरच्या पाठीवर पानं काढायच्या तसंच. अर्ध्या तासाने अकरा चौकोन सगळ्यांना पटले. सहा जणी आपापल्या चौकोनात बसल्या. पाच मोकळे राहिले, मागे तीन, पुढे दोन.

मी कॅमेऱ्यातून पाहिलं. फोटो विस्कळीत दिसत होता. "जरा जवळ जवळ सरकता का?" मी म्हटलं.

"सर," बाई म्हणाल्या, "कोणी सरकायचं नाही. आणि तुम्ही पण बोलायचं नाही." मग बायकांना, "आता गा."

"असंच? कारण नसताना?"

"कारण असताना बसायचात तशा बसलात, आता गायला काय हरकत आहे?"

थोडी चुळबुळ झाली. मग थोरल्या काकीने, म्हणजे हौसाबाईंनी, पाळणा धरला. आवाज म्हातारा होता, पण जागा पक्क्या होत्या असं प्रज्ञाने नंतर सांगितलं. दुसऱ्या कडव्याला ढोलकी आणि टाळ्या सुरू झाल्या. आजीचे हात लांब. टाळी वाजवताना तिची कोपरं बाहेर जात होती. गाता गाताच, ओळ संपल्यावर श्वास घ्यायच्या फटीत, तिने उजवीकडच्या मोकळ्या चौकोनाकडे मान वळवली आणि जरा वैतागून म्हणाली, "ठके, सरक गं वाईच." आणि पुढची ओळ उचलली.

ढोलकी थांबली.

"काय म्हनलीस?"

"मी कुठं काय म्हनले? थांबलीस का तू?"

"ठके म्हनलीस! सरक म्हनलीस तिला!"

 आजीने मोकळ्या चौकोनाकडे पाहिलं. मग सगळ्या एकदम बोलायला लागल्या. ठकीच ती, ठकूबाय, हौसाबाईंना आता आठवलं की लग्नाच्या पत्रिकेत काहीतरी वेगळं नाव होतं, पण पार्टीत ठकीच. आजीने पदर तोंडाशी धरला होता. "इतकी वर्षं माझं कोपर खाल्लं तिनं," ती म्हणाली, "आन् नाव तोंडावर येत नव्हतं. बघ की गं."

बाईंनी खडूने त्या चौकोनात 'ठकूबाई' असं लिहिलं. मग बाकीच्या चार मोकळ्या चौकोनांत चार नावं लिहिली, सरळ रेषेत, शाळेच्या फळ्यावर लिहावं तशी. त्या मला म्हणाल्या, "आता काढा फोटो."

फोटो दोन पानांवर आडवा घ्यायचा ठरला. खाली नावं, बसण्याच्या क्रमाने, प्रत्येक नाव आपापल्या जागेखाली. लेख त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या पानावर गेला. त्यासाठी प्रज्ञाने स्वतः आणखी तीनशे शब्द कापले. कोणते कापायचे ते तिने मला विचारलं नाही, आणि ते बरोबरच होतं.

दुपारी पडद्यावर पान तयार झालं. मी पट्टी लावून पाहिलं, चारही बाजूंना अंतर सारखं होतं. बाईंनी प्रिंट उलटी धरली आणि मान हलवली. "नाही. ठकूबाई घडीत जातेय."

दोन पानांच्या मधे जिथे शिलाई येते, तिथली जागा आत ओढली जाते. माणसाचा चेहरा तिथे येऊ देत नाहीत, एवढं मलाही आता माहीत होतं. पण मी म्हटलं, "बाई, तिथे कोणीच नाही. मोकळी फरशी आहे. फोटो सरकवला तर डावीकडचं अंतर बिघडेल."

"बिघडू दे. नाही म्हणून काय घडीत घालायची तिला?"

प्रज्ञाने फोटो दोन सेंटिमीटर डावीकडे सरकवला. बाई विणायची सुई घेऊन मागे बसल्या होत्या. "अजून केसभर," म्हणाल्या. "पुरे."

बाई गेल्या वर्षी भाचीकडे नाशिकला राहायला गेल्या. जाताना कॅलेंडरचा गठ्ठा मंडळाला देऊन गेल्या. बसवणं म्हणजे काय, हे मी त्यांना पुन्हा विचारलं नाही.

त्या शनिवारी संध्याकाळी पानं छपाईला पाठवून मी खोपोलीला घरी पोचलो. चहा घेत होतो तेवढ्यात छापखान्यातून फोन आला. तिथला माणूस चांगला आहे, बारीक नजरेचा, चुका पकडतो.

"सर, मधल्या दोन पानांवर लोचा हाय. फोटोत बायका सहाच हायत, आणि खाली नावं अकरा. पाच नावं जास्त आलीत. काढून टाकू? फोटोपण मधनं कापून जुळवून घेतो, मस्त बसेल."

"काही काढू नका," मी म्हटलं.

"पन सर, मोजा ना तुमी. सहाच हायत."

"अकरा आहेत. मी मोजल्यात."